टब घेण्यापूर्वीची मापे

गणपती पेठेत दुकान आणि विश्रामबागेत बंगला, अशी सांगलीतील आपल्या अनेक कुटुंबांची गेल्या दोन पिढ्यांची मांडणी आहे. सांगली-मिरज रस्त्याच्या दोन्ही अंगांनी वसाहती वाढत गेल्या, तशी पेठेतील जुन्या वाड्यांची मोरी मागे पडली. बंब आणि घंगाळ माळ्यावर गेले आणि काही घरांत, हौसेने का होईना, बाथटब आला. आज त्या टबांना पंचवीस-तीस वर्षे झाली आहेत. कोणाची चकाकी गेली, कोणाला तडा गेला, कोणाच्या तोटीखालून पाणी झिरपून मागच्या भिंतीला ओल आली. ज्यांनी हौसेने तो बसवून घेतला, तेही आता सत्तरी ओलांडून गेले आहेत. त्यामुळे ‘टब बदलायचा आहे, कोणता घ्यावा?’ हा प्रश्न अलीकडे माझ्याकडेही येऊ लागला आहे. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाकडे हिशेबाचे सगळेच प्रश्न येतात, त्यातलाच हा एक.

कर्जाचा अर्ज आला की बँकेत एक शिस्त असते. रक्कम किती द्यायची हे नंतर ठरते. आधी जागेवर जाऊन पाहणी होते. गोदाम मोजले जाते, माल मोजला जातो, परतफेडीची ताकद तपासली जाते. घरातील खरेदीत मात्र आपण नेमके उलट करतो. दुकानात जातो, वस्तू पसंत करतो आणि घरी आल्यावर ती कुठे मावेल याचा विचार करतो. कपाटाच्या बाबतीत हे एक वेळ निभते. टब मात्र एकदा भिंतीत आणि फरशीत बसला की वीस वर्षे हलत नाही. म्हणून आज दराविषयी न लिहिता केवळ मापांविषयी लिहावे असे योजले आहे.

परिचयातील एका कापड व्यापाऱ्यांच्या घरी अलीकडेच हा विषय निघाला. तळमजल्यावरील स्नानगृहातील जुना टब तडकला होता. थोरल्या मुलाने तो टेपने मोजून दुकानात सांगितला आणि दुकानदाराने त्याला ‘साडेपाच फुटी’ टब दाखवला. घरात एकोणऐंशी वर्षांच्या आक्का आहेत. गुडघ्यांच्या दुखण्यासाठी, डॉक्टरांना विचारून, त्या आठवड्यातून दोनदा कोमट पाण्यात पाय सोडून बसतात. टबाचे खरे उपयोगकर्ते घरात तेवढेच. रंगांचे नमुने पाहून झाल्यावर त्या म्हणाल्या, “लांब हवा की आखूड, ते तुमचं तुम्ही ठरवा रे. मला आत पाय टाकता येईल का, एवढं आधी बघा.”

पुढे जे जे मोजले गेले, ते या एका वाक्यामुळे.

पहिले माप जागेचे. जुना टब मोजणे म्हणजे जागा मोजणे नव्हे. टबाच्या कडेवर वरून फरशी उतरलेली असते आणि त्या फरशीमागे सिमेंटचा थर असतो. दोन्ही बाजूंचे मिळून दोन इंच सहज निघतात. म्हणून फरशी काढणार की ठेवणार, हे आधी ठरवावे. ठेवणार असाल तर फरशीपासून फरशीपर्यंत मोजावे. काढणार असाल तर फरशीची जाडी मोजून गिलाव्यापर्यंतचे माप धरावे. मोजमापही एकाच जागी घेऊ नये. मागच्या भिंतीलगत, मध्यभागी आणि पुढच्या कडेशी, अशी तीन मापे घ्यावीत आणि सर्वांत लहान माप खरे मानावे. आपल्या भिंती दिसतात तितक्या सरळ नसतात. आक्कांच्या स्नानगृहात मागे साडेपाच फूट भरले, पुढे मात्र दोन सूत कमी.

कोपरा काटकोनात आहे की नाही, हे गवंडी गुण्या लावून पाहतो. गुण्या नसेल तर शाळेतील भूमिती पुरेशी आहे. कोपऱ्यापासून एका भिंतीवर तीन फुटांवर आणि दुसऱ्या भिंतीवर चार फुटांवर खूण करावी. दोन खुणांमधील अंतर बरोबर पाच फूट आले तर कोपरा काटकोनी. भिंत उभी सरळ आहे का ते ओळंब्याने आणि तळ सपाट आहे का ते पाणसळीने पाहावे. टब तिरका बसला तर पाणी तोटीकडे न जाता कोपऱ्यात साचते, आणि साचलेल्या पाण्यातूनच पुढची ओल सुरू होते.

येथे फूट आणि मिलिमीटर यांचा एक जुना घोळ ध्यानात घ्यावा लागतो. १९५६ च्या वजनमापांच्या कायद्याने देशात दशमान पद्धती आली. शेर आणि मण व्यापारातून गेले. परंतु बांधकामात फूट, इंच आणि सूत आजही नांदत आहेत. एका इंचात आठ सूत, म्हणजे एक सूत साधारण तीन मिलिमीटरचे. गवंडी फूट-सुतात बोलतो, टबाच्या माहितीपत्रकात मात्र सर्व मापे मिलिमीटरमध्ये असतात, आणि दुकानातले बोलणे या दोहोंच्या मधले असते. ‘साडेपाच फुटी’ म्हणून दाखवलेला तो टब १७०० मिलिमीटरचा होता. साडेपाच फूट म्हणजे १६७६ मिलिमीटर. जवळपास एक इंचाची तफावत! फरशी न काढता तो टब त्या जागेत बसणे शक्यच नव्हते. ज्या घरात कापडाच्या ठाणात चार बोटे कमी भरली तरी पेढीला कळवले जाते, त्या घरात ही तफावत बिल झाल्यावर लक्षात आली असती. म्हणून माहितीपत्रकावरील मापच मिलिमीटरमध्ये वाचावे आणि बिलावरही तेच लिहून घ्यावे.

दुसरे माप वाटेचे. टब जागेवर मावतो, पण तिथवर पोहोचतो का? आपल्याकडे स्नानगृहाचे दार बहुधा अडीच फुटी असते, आणि चौकट व उघडे दार यांची जाडी वजा जाता मोकळी वाट सव्वादोन फुटांच्या आसपास उरते. सत्तर सेंटिमीटर रुंदीचा टब आडवा करून दारातून आत जातो, कारण त्याची उंची रुंदीपेक्षा कमी असते. अडचण येते ती वळणावर. तीन फुटी बोळातून काटकोनात वळताना साडेपाच फुटांची वस्तू अडते. जिन्याच्या वळणावर तर वर छत असते आणि बाजूला कठडा. फाटकापासून स्नानगृहापर्यंतची प्रत्येक चौकट, प्रत्येक वळण आणि जिन्याची मोकळी उंची टिपून ठेवावी. टबाच्या मापाची पुठ्ठ्याची पेटी किंवा दोरीने बांधलेल्या काठ्यांची चौकट करून ती एकदा घरातून फिरवून पाहिली, तर शंकेला जागा राहत नाही. जुना टब बाहेर काढण्याचाही विचार यातच करावा. तो कापून काढता येतो. नवा कापून आत नेता येत नाही.

तिसरे माप पाणी जाण्याच्या वाटेचे. तोटीचे भोक टबाच्या डाव्या अंगाला आहे की उजव्या, हे टबासमोर उभे राहून पाहावे आणि नवा टब त्याच हाताचा घ्यावा. नाही तर फरशी फोडून नळी दुसऱ्या टोकाला न्यावी लागते. नळीला उतार फुटामागे दोन सूत तरी हवा. टबापासून बाहेरच्या चेंबरपर्यंत बारा फूट अंतर असेल, तर तीन इंचांचा उतार मिळाला पाहिजे. तो मिळतो की नाही, हे चेंबरचे झाकण उघडून आत नळी कोणत्या पातळीला येते ते मोजल्याशिवाय कळत नाही. तोटीखालच्या जोडाशी हात पोहोचेल अशी एक छोटी झडप बाजूच्या भिंतीत ठेवायला सांगावे. ती नसल्यामुळे पाच मिनिटांच्या दुरुस्तीसाठी फरशी फोडावी लागलेली घरे मी पाहिली आहेत.

चौथे माप माणसाचे, आणि तेच सर्वांत महत्त्वाचे. आक्कांना खुर्चीवर बसवून तळपायापासून गुडघ्यापर्यंत मोजले. ते सतरा इंच भरले. जुन्या टबाची कड जमिनीपासून चोवीस इंच उंच होती. गुडघ्याहून सात इंच उंच कड ओलांडताना आक्का नळाला धरून एका पायावर उभ्या राहत होत्या. गेली दहा वर्षे हे रोजच्या डोळ्यांसमोर घडत होते. पण टेप लावेपर्यंत घरात कोणालाच ते दिसले नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जगात दरवर्षी सुमारे ६,८४,००० माणसे पडल्यामुळे दगावतात आणि त्यांत साठीपुढील माणसांचे प्रमाण सर्वाधिक असते. मांडीचे हाड मोडलेले वडीलधारे माणूस घरात असणे म्हणजे काय, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना आकडा सांगण्याची गरज नाही.

कड इतकी उंच का, याचाही शोध लागला. टब बसवताना खालची नळी जमिनीत न पुरता वरून नेली गेली होती आणि ती झाकण्यासाठी टबाखाली सहा इंचांचा ओटा बांधला गेला होता. दोष टबाचा नव्हता, ओट्याचा होता. चेंबरची पातळी पुरेशी खाली असल्यामुळे ओटा काढून नळी जमिनीत घेणे शक्य होते. तेवढ्याने कड अठरा इंचांवर आली, म्हणजे आक्कांच्या गुडघ्याच्या जवळपास. त्यांनी बाहेर त्याच उंचीच्या घट्ट, चार पायांच्या बैठकीवर बसावे, बसल्याबसल्या वळून एकेक पाय आत घ्यावा, अशी योजना ठरली. उभ्याने कड ओलांडणे कायमचे बंद झाले.

हे माप हाती आल्यावर लांबीचा प्रश्न आपोआप सुटला. १५०० मिलिमीटरचा, आतून सुमारे सोळा इंच खोल आणि तळाला खरबरीत नक्षी असलेला टब निवडला गेला. उरलेल्या सहा-सात इंचांत हात टेकण्यासाठी आणि तांब्या-साबण ठेवण्यासाठी पक्का कट्टा झाला. शिवाय टब लांब असला की ठेंगणे माणूस पाणी भरल्यावर आत घसरते, कारण पाय समोरच्या टोकाला टेकत नाहीत. आक्कांचे पाय आखूड टबातच टेकतात. त्यांच्या बाजूला भिंतीवर जमिनीपासून सुमारे तेहतीस इंचांवर आधाराची दांडी बसवली. ही दांडी फरशीत नव्हे, फरशीमागच्या विटांत पक्क्या बोल्टने रोवावी लागते. टॉवेलची दांडी आधारासाठी नसते. तोल गेलेल्या माणसाच्या वजनाने ती हातात येते.

पाचवे माप वजनाचे. तळमजल्यावर ही चिंता नसते. वरच्या मजल्यावर ती करावी. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. टबाचे पस्तीस किलो, पाण्याचे दोनशे आणि माणसाचे पासष्ट धरले तर तीनशे किलो होतात, आणि तेही सव्वा चौरस मीटरहून कमी जागेवर. भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागात निवासी घराच्या स्नानगृहासाठी दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे अंदाजे २०० किलो भार धरला आहे. टबाखालच्या जागेवरील भार त्याहून अधिक भरतो. मात्र तो आजूबाजूच्या स्लॅबवर विभागला जातो आणि सुस्थितीतील स्लॅबला बहुधा पेलतो. परंतु घर जुने असेल, खालून स्लॅबला ओल किंवा सळईचा गंज दिसत असेल, किंवा शंभर किलोंच्या पुढे जाणारा ओतीव लोखंडाचा टब घ्यायचा असेल, तर अभियंत्याला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नये.

येथेच साहित्याचाही विचार उरकून घेऊ. अ‍ॅक्रिलिकचा टब हलका, हाताला उबदार, आणि वरवरचा ओरखडा घासून घालवता येणारा. मात्र तळाला भक्कम आधार नसेल तर तो लवतो. फायबरचा त्याहून स्वस्त, पण त्याचा वरचा थर लवकर झिजतो. एनॅमलचा मुलामा दिलेला पोलादी टब कडक आणि टिकाऊ. मात्र टवका उडाला की तेथून गंज धरतो. कोणताही घेतला तरी बसवण्याआधी तळाचे आणि भिंतींचे जलरोधक काम पूर्ण करून, तेथे निदान एक अहोरात्र पाणी साठवून पाहावे. फरशी बसल्यानंतर ही परीक्षा घेता येत नाही. खर्चाचा अंदाज करतानाही केवळ टबाची किंमत लिहू नये. तोडफोड, राडारोडा उचलणे, नळकाम, जलरोधक काम, फरशी आणि मजुरी ही खाती मांडली की टबाची किंमत पुष्कळदा एकूण रकमेचा लहान हिस्सा असल्याचे दिसते. म्हणून टबावर हजार-दोन हजार वाचवण्यापेक्षा मापात चूक न होऊ देण्यात खरी बचत आहे.

शेवटचे माप पाण्याचे. आर्किमिडीज टबात उतरला आणि पाणी बाहेर सांडले, ही गोष्ट आपण सर्वांनी शाळेत वाचली आहे. माहितीपत्रकातील ‘२०० लिटर’ ही रिकाम्या टबाची क्षमता असते. माणूस आत बसला की त्याच्या आकारमानाइतके, म्हणजे साधारण साठ लिटर पाणी कमी लागते. आता ऊन पाण्याचा हिशेब पाहा. गिझरमधील पाणी ६० अंशांचे, नळाचे २५ अंशांचे आणि आपल्याला हवे ४० अंशांचे, तर १०० लिटर कोमट पाण्यासाठी सुमारे ४३ लिटर ऊन पाणी लागते. म्हणजे २५ लिटरचा गिझर दोनदा तापवावा लागेल आणि जवळजवळ पावणेदोन युनिट वीज जळेल. गच्चीवर सौर बंब असेल तर ही अडचण राहत नाही. टबात आधी थंड पाणी सोडावे, मग ऊन. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांना पाणी किती ऊन आहे हे पायाने समजत नाही. त्यांच्यासाठी घरातील दुसऱ्या कोणी कोपर बुडवून पाहावे.

पाणी गाळून आणि मोजून वापरावे, हा संस्कार आपल्या घरांत लहानपणापासून असतो. टबाच्या बाबतीत त्याला आकड्यांचाही आधार आहे. भुयारी गटारे असलेल्या शहरांसाठी केंद्र सरकारच्या पाणीपुरवठा नियमपुस्तिकेने माणशी दररोज १३५ लिटरचे प्रमाण धरले आहे. त्यात पिणे, स्वयंपाक, धुणे, स्नान सारे आले. काठोकाठ भरलेला एक टब यापेक्षा अधिक पाणी घेतो. एप्रिल २०१६ मध्ये लातूरची तहान भागवण्यासाठी आपल्या शेजारच्या मिरजेतून रेल्वेने पाणी गेले. पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या आणि त्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. टबाच्या हिशेबात ते अवघे अडीच हजार टब भरते. कृष्णाकाठी राहणाऱ्यांना पुराची सवय असते, पाण्याच्या दुर्भिक्ष्याची नसते. म्हणून हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा वाटतो. आक्कांना गुडघे बुडण्यापुरते पाणी पुरते, पूर्ण भरण्याची गरज नाही. टबाच्या आतल्या बाजूला त्या पातळीवर एक खूण करून ठेवली आहे, आणि त्यांचे झाले की साबणाविना राहिलेले ते पाणी नातू बादलीने बागेतील झाडांना घालतो.

इतके सारे मोजल्यावर एखाद्या घरात उत्तर ‘टब नको’ असेही येईल. घरात कोणी टबात बसतच नसेल, कड गुडघ्याच्या उंचीवर आणणे शक्य नसेल, किंवा घरातील वडीलधाऱ्यांना बसूनही पाय उचलवत नसतील, तर टब काढून तेथे सपाट, न घसरणारी फरशी, भिंतीलगत पक्की बैठक, हातात धरता येणारा फवारा आणि आधाराची दांडी करावी. दार बाहेर उघडणारे करावे, म्हणजे आत कोणी पडले तर दार अडत नाही. पाहणीनंतर प्रस्ताव नामंजूर होणे हेही बँकेच्या शिस्तीतच बसते, आणि त्यात कोणाचा कमीपणा नाही.

दुकानात जाण्यापूर्वी एका कागदावर इतके लिहून न्यावे: जागेच्या लांबीची तीन मापे आणि रुंदी, सर्व मिलिमीटरमध्ये; सर्वांत अरुंद दाराची मोकळी रुंदी; तोटी डावी की उजवी; चेंबरपर्यंतचे अंतर आणि पातळी; गिझरची क्षमता; आणि जो कोणी टब वापरणार त्याच्या गुडघ्याची उंची. या शेवटच्या मापासाठी त्या व्यक्तीला खुर्चीवर बसवावे लागते आणि तिच्या पायाशी आपल्याला बसावे लागते. तेवढ्या वेळात, कुठे दुखते, कशाला धरून उठता, रात्री उठावे लागते का, हेही विचारून घ्यावे. टबाखेरीज घरात आणखी काय बदलायला हवे, ते त्या उत्तरांतून कळेल.